सुभेदाराच्या वाट्याचा खिमा

"अरे बाबा, कुणी मारतंय का तुला? जरा गप उभा राहा की… डॉक्टरबाईंना पोट तर दाखव."

जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर, मांडीवर झाकणाची टोपली घेऊन बसलेल्या सदफनं मान वर केली. एक उंच, शिडशिडीत मुलगा बकऱ्याच्या गळ्यातली दोरी धरून त्याची मनधरणी करत होता. आत्ताच तो फोनवर आईशी झकास दखनीत बोलत होता, आणि बकऱ्याशी मात्र अस्सल पैठणकडची मराठी. बकऱ्याचं पोट डाव्या अंगाला टम्म फुगलेलं, आणि चेहरा असा, की साऱ्या जगानं मिळून त्याला फसवलंय. सदफला हसू आवरेना. तिनं ओढणीत तोंड लपवलं. पण उशीर झाला होता, त्यानं पाहिलं होतं.

"हसा," तो म्हणाला. "पाचोडच्या बाजारातून आणलाय. हिंदी कळत नाही त्याला. अम्मीनं सकाळपासून समजावलं, ढिम्म."

"मराठीत तरी कुठं ऐकतोय?"

"एरवी ऐकतो… कुणी बघत असलं की भाव खातो." त्यानं टोपलीकडं बोट केलं. "आणि यांना काय झालंय?"

टोपलीच्या फटीतून एक पिवळा डोळा बाहेर बघत होता. "सुभेदार," सदफनं ओळख करून दिली. "पोट बिघडलंय. म्हणजे… दिवसातनं चार-चार वेळा… जाऊ द्या, तुम्हाला कशाला सांगतेय मी हे."

"सांगा, सांगा. आमचं बरोबर उलटं आहे. कालपासून काहीच नाही."

दोघं एकदमच हसले. लोकांच्या प्रेमाची सुरुवात गुलाबानं होत असेल. या दोघांची जुलाबानं झाली, त्याला कोण काय करणार!

त्याचं नाव अबुजर. राहायला गारखेड्यात, नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, तिथं तो तयार मालाची मापं तपासायचा. बकऱ्याचं नाव पहिलवान. बकरी ईदसाठी आणलेला, आणि आणल्यापासून अबुजरच्याच हातून चारा खाणारा. दुसऱ्या कुणी पाला पुढं केला की मान फिरवायचा.

सदफ छावणीतली. तिचे अब्बू फारूखमियाँ बाजारात फौजी गणवेश शिवत, आणि दुकानातल्या खाकी कापडाच्या खोक्यातच सुभेदाराचा जन्म झालेला. त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. अंगानं वाघासारखा पट्टेदार, स्वभावानं असा, की भिंतीवर पाल दिसली तरी पलंगाखाली शिरेल. गेले काही महिने त्याच्या पोटानं घर डोक्यावर घेतलं होतं. मांजरांसाठीचे विकतचे महागातले दाणे झाले, स्वस्तातले झाले, दहीभात झाला. परवा त्यानं पाहुण्यांची ठेवणीतली चादर खराब केली आणि सदफच्या अम्मीचा, कमरुन्निसांचा, धीर सुटला. त्यांनी निकाल देऊन टाकला. ईदपर्यंत हे पोट थांबलं तर ठीक, नाहीतर सुभेदार पाचोडला, खालाच्या म्हणजे सदफच्या मावशीच्या शेतावर. उंदीर खाईल, मोकळा राहील.

मोकळा कसला राहतोय! खालाच्या शेतावर तीन दांडगी कुत्री होती. सदफला ते डोळ्यांपुढं दिसायचं आणि झोप उडायची. बाकावर बसल्या बसल्या तिनं हेही अबुजरला सांगून टाकलं.

"म्हणजे पाचोडहून बकरा इकडं, आणि इकडून मांजर पाचोडला," अबुजर म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्यानं जीभ चावली. "नाही जाणार. बघा तुम्ही."

डॉक्टरबाईंनी सुभेदाराला चाचपलं, तपासण्या पाहिल्या. रोग काही नव्हता. दाणे सोसत नव्हते एवढंच. त्या म्हणाल्या, कच्चं मांस देऊन बघता येईल, पण त्याला शिस्त लागते. नुसतं मांस चालणार नाही. थोडं दिल, थोडी कलेजी, अंड्याचा पिवळा बलक आणि अंड्याच्या टरफलाची बारीक पूड. सगळं बर्फात ठेवलेलं, भांडी वेगळी, हात स्वच्छ. काही बिनसलं तर लगेच माझ्याकडं. आणि मुख्य म्हणजे एकदम बदल करायचा नाही. जुन्यात चिमूटभर नवं, मग रोज जरासं वाढवत न्यायचं.

"घाई केली की पोट बंड करतं," त्या म्हणाल्या.

अबुजर पहिलवानला धरून दारातच उभा होता आणि सगळं मन लावून ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "टरफलाची पूड मी करून देतो. आमचा मिक्सर दणकट आहे. बारीक आहे की नाही ते तपासायचं तर माझं कामच."

अशा रीतीनं, टरफलांच्या पुडीसाठी म्हणून, दोघांनी एकमेकांचा नंबर घेतला.

मग सुरू झाला तो पत्रव्यवहार कुणी वाचला असता, तर दोघांनाही दवाखान्यात भरती केलं असतं. सकाळी त्याचं विचारणं यायचं, "आज?" सदफ लिहायची, "पातळ." दुसऱ्या दिवशी, "आज?" "जरा बरं." एका सकाळी तिनं लिहिलं, "चक्क घट्ट!" आणि त्यानं फटाक्यांची चित्रं पाठवली. त्यामागून पहिलवानचा फोटो आला. तोंडात अबुजरच्या शर्टाची बाही, पोट जागच्या जागी. सदफ गारखेड्यातल्याच एका मराठी शाळेत गणित शिकवायची. पण शाळेला सुट्टी होती, दिवस सरता सरत नव्हता, आणि तो फोटो तिनं किती वेळा उघडून पाहिला याचा हिशेब गणिताच्या बाईंनाही ठेवता आला नसता.

दोघांच्याही घरात दखनी. पण पहिलवानमुळं सुरुवात मराठीत झाली, ती तशीच राहिली. त्या मराठीत जणू दोघांची एक वेगळी खोली होती, घरात कुणाला न दिसणारी.

कमरुन्निसांनी मांसाच्या पुड्या फ्रीजमध्ये ठेवू दिल्या, पण अटीवर. मांजराच्या पुड्या तळाशी, आणि त्यांना अब्बूंच्या दुकानातला खाकी दोरा. घरच्या पुड्यांना पांढरा. गल्लत नको. सदफ वेगळ्या फळीवर, वेगळ्या सुरीनं सगळं बारीक करायची, पूड मिसळायची, पुडी बांधायची. अबुजरची पूड मात्र त्यानं कितीही फुशारकी मारली तरी जरा जाडच असायची. बोटांना कचकच लागायची. सुभेदाराची तक्रार नव्हती. कच्च्या मांसाचा पहिला घास त्यानं तासभर हुंगला, पंजानं उलटवला, आणि मग असा खाल्ला की जन्मभर याचीच वाट पाहत होता.

सुभेदार सुधारत चालला. आणि सदफ बिघडत चालली.

कारण एक भलतीच गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. मांजर बरं झालं नाही, तर मांजर जाणार. आणि बरं झालं… तर रोजचं ते "आज?" जाणार. मग काय लिहायचं? उद्याही घट्ट, परवाही घट्ट… घट्ट पोटावर कुणी किती दिवस बोलेल? ती गच्चीवर जायची, खाली यायची, पुन्हा वर जायची. रोज संध्याकाळी आभाळ दाटून यायचं आणि थेंबही न टाकता निघून जायचं. अंगाची नुसती काहिली.

"पाँव में चक्कर है क्या तेरे?" अम्मी विचारायच्या. "बैठ ना एक जागा."

बसायचं कसं? एका सकाळी तर "आज?" आलंच नाही. दहा वाजले, अकरा वाजले. सदफनं स्वतःहूनच लिहिलं, आणि धादांत खोटं लिहिलं. "आज पुन्हा पातळ."

तासाभरात, भर दुपारच्या उन्हात, अबुजरची मोटारसायकल फारूखमियाँच्या दुकानापुढं उभी राहिली. कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून आला होता. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हातात इलेक्ट्रॉलची पाकिटं. सुभेदार दुकानाच्या पायरीवर, गुबगुबीत पोट वर करून, लोळत पडला होता. अबुजरनं मांजराकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरा दिसतोय," तो म्हणाला.

"आत्ताच… आत्ताच बरा झाला." सदफचे कान तापले.

त्यानं पाकिटं तिच्या हातात दिली. जाताना एवढंच म्हणाला, "सकाळी कारखान्यात फोन जमा करून घेतले होते, अकरानंतर परत मिळाले. नाहीतर विचारलं असतं." आणि हसला. त्या हसण्यावर सदफनं आणखी चार दिवस काढले.

ईद आली. छावणीतल्या घराघरांतून वाट्यांची लगबग सुरू झाली. एक वाटा घरचा, एक नातलगांचा, एक गरजूंचा. फारूखमियाँ पुड्या बांधायला बसले. अर्ध्यावर पांढरा दोरा संपला, तेव्हा त्यांनी दुकानातलं खाकी रीळ ओढलं आणि पुढचा सगळा ढीग खाकी दोऱ्यानं बांधून काढला. शिंप्याला दोरा तो दोरा. या गोष्टीकडं त्या गडबडीत कुणाचंच लक्ष गेलं नाही, सदफचंही नाही.

तिचं लक्ष दाराकडं होतं. संध्याकाळी अबुजर पायरीपर्यंत आला, एक पुडी घेऊन. नवा कुर्ता, पण चेहरा उतरलेला.

"दिल आणि कलेजी आहे. सुभेदारासाठी." मग थांबून, "पहिलवानचं."

सदफनं पुडी दोन्ही हातांत घेतली.

"जीव लावायचाच असतो," तो खाली बघत म्हणाला. "जीव लावल्याशिवाय कुर्बानी कसली… ते सगळं बरोबर आहे. पण घास उतरत नाही माझ्या घशाखाली. अम्मी रागावल्यात. म्हणतात, ईदला वरण-भात खाणारा पोरगा आमच्याच नशिबी. म्हटलं, माझ्या वाट्याचं सुभेदारानं खाल्लं तर… बरं वाटेल मला."

तो गेल्यावर सदफनं ती पुडी नेहमीसारखी सिद्ध केली. बारीक करताना डोळे भरून आले. का, ते तिचं तिलाही नीटसं कळलं नाही. बकऱ्यासाठी असेल, किंवा बकऱ्यासाठी असं तोंड करणाऱ्या त्या पोरासाठी असेल. दुसरंच कारण खरं, असं म्हणू या. तिनं खाकी दोरा बांधला आणि पुडी तळाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडण्याआधीची शिक्षकांची बैठक होती. ती आटपून दुपारी सदफ घरी आली, तर दारात ओळखीचे बूट.  आत आली तर दस्तरखानावर अबुजर बसलेला, आणि अम्मी त्याला वाढत होत्या. टरफलाच्या पुडीची नवी बाटली द्यायला आलेला पोरगा दारातून परत जाऊ बघत होता. पण ईदच्या दुसऱ्या दिवशी दारात आलेला माणूस न जेवता गेला असता, तर कमरुन्निसांनी छावणीत तोंड दाखवलं नसतं. शिवाय खिमा नुकताच उतरवला होता.

सदफची नजर सुभेदारावर गेली. शिजलेल्या अन्नाकडं ढुंकूनही न बघणारा सुभेदार अबुजरच्या ताटासमोर बसून, शेपूट आपटत, कळवळून ओरडत होता.

ती सरळ आत गेली आणि फ्रीज उघडला. तळापासून वरपर्यंत खाकी दोऱ्याच्या पुड्या. आणि तळाची एक जागा रिकामी.

दाराआडून तिनं पाहिलं. अबुजरनं घास घेतला होता आणि त्याचा जबडा थांबला होता. दाताखाली कचकच. ती कचकच त्याच्या स्वतःच्या मिक्सरमधली होती, दुसऱ्या कुणाला नाही तरी त्याला ती लगेच ओळखू येणार. त्यानं ताटाकडं पाहिलं, मांजराकडं पाहिलं. मग मान वर करून दाराकडं. सदफनं हात जोडले. पाचोड, खाला, कुत्री, सगळं त्या दोन हातांत होतं. आपल्या हातून पाहुण्याला मांजराचं जेवण गेलं हे अम्मीला कळलं असतं, तर सुभेदार आजच्याच एसटीनं निघाला असता.

आणि ताटात पहिलवान होता. हे त्यालाही कळलं होतं. त्याचे डोळे लाल झाले.

अबुजरनं डोळे मिटले. घास चावला… गिळला. पाणी प्यायला. दुसरा घास घेतला.

"नमक बराबर है ना, बेटा?" अम्मींनी विचारलं.

"एकदम बराबर, खाला."

"और डालूँ?"

 अबुजरनं ताट पुढं केलं. "थोडा… हौ."

जेवण झालं, बाटली दिली, सलाम झाला. निरोपाला अम्मी दारापर्यंत आल्या, त्यामुळं एक शब्दही बोलता आला नाही. फक्त बूट घालताना त्यानं एकदा वर पाहिलं. सदफला वाटलं, आत्ताच्या आत्ता काहीतरी बोलावं, नाहीतर जीव जाईल. ती काही बोलली नाही, आणि जीवही गेला नाही. मोटारसायकलचा आवाज कोपऱ्यावरून वळला.

अम्मी आत येऊन स्वतःसाठी वाढून घ्यायला बसल्या. घरात सगळ्यांत शेवटी जेवायची त्यांची रीत. पातेल्यातला उरलेला खिमा त्यांनी ताटात घेतला, रोटी मोडली.

आता गप्प राहिलं असतं तर सगळं निभावलं असतं. कचकच लागली असती, अम्मींनी खाटकाला चार शब्द ऐकवले असते, आणि सुभेदार पलंगाखाली सुखानं झोपला असता. सदफ दोन पावलं मागं गेली, तीन पावलं पुढं आली.

"अम्मी… नक्को खाओ."

"कायकू?"

तिनं सगळं सांगितलं. दोरा, रीळ, पुडी. बोलता बोलता आवाज फुटला, तरी पहिलवानबद्दलही सांगितलं. त्या पोराला ईदच्या दिवशी घास उतरला नव्हता, हेही. शेवटी म्हणाली, सुभेदाराला पाठवायचं तर पाठवा, पण खालाला सांगा कुत्री बांधून ठेवायला.

कमरुन्निसांनी मोडलेली रोटी ताटात परत ठेवली.

"उसको मालूम था?"

"पहिल्या घासालाच," सदफच्या तोंडून मराठीच निघालं.

"मालूम था… और फिर भी और लिया?"

सदफनं मान हलवली. अम्मींच्या ओठांचा कोपरा थरथरला. आता रडतात की ओरडतात ते कळेना. तर त्या हसायला लागल्या. पदर तोंडावर घेऊन, अंग गदगदा हलेपर्यंत हसल्या. मग डोळे पुसत सांगितलं, की लग्नानंतरच्या पहिल्या ईदला त्यांनी शीरखुर्म्यात साखर समजून मीठ ओतलं होतं. सासर अख्खं तोंड वाकडं करून बसलेलं. सदफच्या अब्बूंनी दोन वाट्या संपवल्या आणि तिसरी मागितली. त्याच्या आधी कमरुन्निसांना तो शिंपी काही फारसा आवडला नव्हता.

"बिल्ला कहीं नहीं जाता," त्या म्हणाल्या. "उसकी चीज अपने घर में पकी, उसका क्या कसूर? तू फोन लगा. पूछ उस लड़के का पेट कैसा है."

एवढं बोलून त्या ताट घेऊन आत गेल्या, आणि जाताना दार मुद्दाम ओढून घेतलं.

सदफ गच्चीवर गेली. आभाळ रोजच्यासारखंच भरून आलेलं, वारा पडलेला. एकदा वाजताच त्यानं फोन उचलला. हातातच धरून बसला होता की काय कोण जाणे.

"आज?" ती म्हणाली.

 मग त्याचं हसू ऐकू आलं. "घट्ट आहे. काळजी नको."

"अम्मीला सांगितलं मी सगळं. सुभेदार राहतोय इथंच."

त्यानं मोठा श्वास सोडला. मग हळूच म्हणाला, "त्याला माझ्या वाट्याचं दिलं होतं… आणि माझ्याच ताटात आलं. पहिल्या घासाला वाटलं, उठून जावं. मग तुम्ही दारात दिसलात, हात जोडून. मग गेलं खाली."

सदफनं कठड्याला घट्ट धरलं. 

"पण मला बरं नाही," तो पुढं म्हणाला. "पोट ठीक आहे. भूक नाही. झोप नाही. कारखान्यात मापं चुकतायत. बरेच दिवस झाले."

"डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टरकडंच तर झालं हे. बाकावर."

खाली गल्लीत कुणाची तरी रिक्षा खडखडत गेली. सदफला एकाएकी जाणवलं, की आपण कितीतरी वेळ एका जागी उभ्या आहोत. गच्चीची फेरी नाही, जिन्याची नाही. पाय जमिनीला टेकलेले.

"मलाही," ती म्हणाली. "तेच दुखणं. तेव्हापासूनच."

 तो एका दमात सगळं बोलला. "मग अम्मीला पाठवू का? उद्याच? मामूंनाही बरोबर, आणि—"

"थांबा, थांबा," सदफ हसत म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. "डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या? एकदम बदल करायचा नाही. चिमूटभर… मग रोज जरासं वाढवत न्यायचं."

"बरं," तो म्हणाला. "मग आजचं चिमूटभर?"

"आज झालं की. दोन वेळा वाढून घेतलंत."

"आणि उद्याचं?"

तिच्या पायांशी काहीतरी ऊबदार घासलं. सुभेदार जिना चढून वर आला होता, भरल्या पोटानं, शेपूट उभी करून.

"उद्या चहाला या," सदफ म्हणाली. "आणि या वेळी पूड चाळून आणा."